काम व्हायच्या आधीचा सत्कार

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. एक कोरा कागद आणि बॉलपेन हातात दिलं आणि म्हणाले, "लिवा."

"काय लिहू?"

"एखाद्या माणसाची तारीफ लिवा. माणूस एकदम बिनकामाचा हाय असं समजून लिवा."

मी नुकतीच तिथल्या कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवायला लागले होते. लातूरहून आणलेली वळकटी एका मैत्रिणीच्या मावशीकडे टाकली होती आणि आठ दिवसांत मावशीला नकोशी झाले होते. त्यामुळे फार विचार न करता लिहून टाकलं. बिनकामाचा माणूस म्हणून माझा एक मामा डोळ्यांसमोर होता. त्याच्यावर 'आपल्या अखंड परिश्रमांनी परिसराचे भाग्य उजळविणारे' अशा पाच-सहा ओळी झाल्या. काकांनी कागद खिडकीशी नेऊन वाचला, मग आत जाऊन काकूंना मोठ्यानं वाचून दाखवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "सामान घेऊन या. पाणी एक दिवसाआड येतं. मानपत्र मी मागीन तवा लिवून द्यायचं. बाकी काही अट न्हाई."

मानपत्राची अट मला त्या वेळी गंमत वाटली. पुढं दीड वर्षात मी त्या गावातल्या अकरा जणांना थोर केलं.

गाव म्हणजे नांदेड आणि लातूरच्या अधेमधे असलेलं एक तालुक्याचं ठिकाण. नाव सांगत नाही, कारण तिथल्या नगरपालिकेत माझा एक दाखला अजून अडकलेला आहे.

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन सहा-सात वर्षं झाली होती, पण ते गाडीतून उतरलेच नव्हते. कुठल्याही खोलीत शिरले की आधी डोकी मोजायचे. बसायचे ते दाराशीच. लग्न असो, शाळेचं संमेलन असो, लोक दाटीनं उभे दिसले की त्यांना राहवायचं नाही. "पुढं सरका, पुढं मोकळं हाय." एकदा पौर्णिमेला विहारात वंदना चालू होती. मागं बायाबापड्या उन्हात उभ्या आणि पुढच्या ओळीत ऐसपैस बसलेली पुढारी मंडळी. काकांनी मागून हाळी दिली, "डोळे मिटूनच सरका, कुणी बघत न्हाई!" मंडळी डोळे मिटूनच सरकली.

बोलणं पुरे झालं की भिंतीवर एकदा टकटक करायचे. सकाळी जिन्याच्या कठड्यावर दोनदा टकटक झाली की समजायचं, चहा झाला, खाली या. काकूंनाही ही भाषा पाठ होती, पण त्या ती पाळायच्या नाहीत. काकांनी एकदा वाजवलं की त्या हमखास आणखी दहा मिनिटं बोलत.

आता नाल्याचं सांगायला हवं. आमच्या गल्लीला एकच तोंड होतं आणि त्या तोंडातच नाला होता. पूल कधी झालाच नव्हता. विजेचे दोन जुने सिमेंटचे खांब कुणीतरी शेजारी शेजारी आडवे टाकले होते, त्यांवरून सगळी गल्ली जा-ये करायची. पोरं पळत जायची, मोटारसायकलवाले जीव मुठीत धरून जायचे, ऑटो मात्र पलीकडेच थांबायचा. मी येण्याच्या वर्षभर आधी काकू बाजारातून येताना त्या खांबांवरून घसरल्या आणि गुडघ्यातून गेल्या. काठी घेऊन घरात, अंगणात त्या छान फिरायच्या. नाल्यापाशी गेलं की मात्र पाय उचलायचेच नाहीत. दवाखान्यात न्यायचं झालं तर चार पोरं त्यांना खुर्चीसकट उचलून पलीकडे न्यायची आणि त्या वेळी त्या लाजेनं पदर तोंडावर घ्यायच्या. त्यामुळे दवाखाना सोडून त्या कुठंच जात नसत.

त्यांची थोरली बहीण बिलोलीला असते. काकू तिला अक्का म्हणतात. दोघी रोज फोनवर एकमेकींना बघायच्या. म्हणजे काकूंना अक्काच्या घरचं छत दिसायचं आणि अक्काला आमचा पंखा. "पोरी, अक्काचं तोंड बघून तीन दिवाळ्या झाल्या," असं त्या मला म्हणाल्या होत्या. काकांनी त्यांना शब्द दिला होता, "दारातून ऑटोत बसवीन आन् थेट अक्काच्या दारात उतरवीन. तवाच नावाचा कंडक्टर." मीच जाते पुढच्या बशीनं, असं काकू कधीच म्हणाल्या नाहीत. शब्द त्यांनी दिलाय, तर त्यांनीच न्यायचं.

पुलासाठी काकांनी सुरुवातीला रीतसर अर्ज केले. अर्जांबद्दल त्यांचं मत होतं, "अर्जी म्हंजे मागच्या शीटवर झोपलेला पॅसेंजर. त्याचा स्टॉप निघून जातो, तरी उठत न्हाई."

सत्काराचा शोध त्यांना अपघातानं लागला. गल्लीत जयंतीचा कार्यक्रम होता आणि प्रमुख पाहुणे आलेच नाहीत. शाल उरली. तेवढ्यात नगरपालिकेचा वायरमन सायकलवरून पलीकडून चालला होता. गल्लीतले दिवे चार महिने बंद होते. काकांनी त्याला हाक मारून आणलं, स्टेजवर उभं केलं, शाल अंगावर घातली आणि माईकवर सांगितलं, "आपल्या गल्लीतले सगळे दिवे चालू केल्याबद्दल ह्यांचा सत्कार होत आहे." वायरमन खांबांकडे बघायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पोरांनी फोटो काढून गावभर पाठवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो स्वतःहून शिडी घेऊन हजर.

"मॅडम, ध्यानात ठेवा," काका मला सांगायचे, "माणसाला शिव्या दिल्या की तो नियम सांगतो. शाल घातली की शिडी आणतो."

मग हे शास्त्रच झालं. घंटागाडीचा ड्रायव्हर आमची गल्ली वगळून जायचा, त्याचा 'नियमित सेवेबद्दल' सत्कार. तो बिचारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "पण काका, मी तर इकडं येतच न्हाई." काका लोकांकडे वळून म्हणाले, "बघा, मोठेपणा बघा! केलेलं काम कबूल बी करून न्हाई राहिले." ड्रायव्हरच्या बायकोनं ते मानपत्र चौकट करून घरात लावलं. घरात रोज समोर ते मानपत्र असताना तो आम्हाला कसा चुकवणार? यायला लागला. मानपत्रं अर्थात माझी. काकांच्या घरी नारळ फोडायची रीत नव्हती, पण श्रीफळ हातात पडल्याशिवाय सत्कारमूर्तीला सत्कार झाल्यासारखं वाटत नाही हे त्यांना माहीत होतं. सत्कारमूर्ती शाल घेऊन जायचा आणि नारळ हमखास टेबलावर विसरायचा. त्याची काकू चटणी करायच्या.

इतकं सगळं जमत गेल्यावर काकांनी पुलाला हात घातला.

बांधकाम विभागात एक नवे अभियंता आले होते. सालस माणूस, नाकासमोर चालणारा. आमच्या पुलाचं नाव कामांच्या यादीत होतं, पण खालून दुसरं. काकांनी विहाराच्या सभागृहात त्यांचा सत्कार ठरवला आणि मला सांगितलं, "मॅडम, ह्या वेळी हात आखडता घ्यायचा न्हाई."

मी कशाला आखडता घेते? लिहिलं, 'आपण उभारलेल्या या पुलाने केवळ दोन काठ नव्हे, तर माणसांची मने जोडली. या पुलावरून पडणारे आमचे प्रत्येक पाऊल आपले ऋण स्मरेल.' खाली समस्त रहिवाशांच्या सह्या. साहेब स्टेजवर मला कुजबुजत विचारत होते, "कोणता पूल हो मॅडम?" काका मधेच म्हणाले, "होईल की साहेब, बसा." साहेबांनी भाषणात 'लवकरच' असं तीनदा म्हटलं. पण स्थानिक पानाचा वार्ताहर कार्यक्रमाला आलाच नव्हता. त्यानं दुसऱ्या दिवशी माझ्याकडून मानपत्राची प्रत नेली आणि तिच्यावरून बातमी केली. 'पुलाचे काम पूर्ण; कृतज्ञ नागरिकांकडून अभियंत्यांचा सत्कार.' सोबत फोटो.

काका तो अंक घेऊन दोन दिवस गावभर फिरले. आता साहेबाला बांधल्याशिवाय गत्यंतर नाही, असा त्यांचा हिशेब. वीस-बावीस दिवस झाले, फावडं काही दिसेना. तेव्हा आम्ही दोघं नगरपालिकेत गेलो. बाबूंनी फाईल काढली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "काका, तुमचा पूल झालाय की."

"कुठं?"

"हे काय." फाईलीत बातमीचं कात्रण चिकटवलेलं होतं. त्याखाली माझं मानपत्र, पुरावा म्हणून. "समस्त रहिवाशांच्या सह्या हायेत. ही तुमचीच ना? इथं वाचा, प्रत्येक पाऊल ऋण स्मरेल म्हणता तुम्ही." आणि त्यावर शिक्का होता, काम पूर्ण, नस्ती बंद.

साहेब आपल्या खुर्चीत खजील होऊन बसले होते. "मी सुट्टीवर होतो हो काका. बातमी वाचून वरूनच यादीतून नाव काढलं. आता नव्यानं नाव घालायचं म्हणजे पुढचं वर्ष उजाडणार."

त्या गावात पंचवीस वर्षांत कुणाचं काम इतक्या झटपट कागदावर झालं नसेल. मला हसू येत होतं आणि त्याच वेळी रडूही येत होतं, कारण घरी जाऊन काकूंना सांगायचं होतं. आम्ही खांबांवरून अलीकडे आलो तेव्हा त्या ओट्यावर बसून आमच्याकडेच बघत होत्या. काकांनी सगळं सांगितलं. त्या काठी टेकत आत गेल्या. संध्याकाळी मी वाटी परत द्यायला खाली गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पोरी, तुझं मराठी लई चांगलं हाय. इतकं चांगलं नको लिवत जाऊ."

मला इतकं लागलं की रात्री जेवले नाही. आणि काका दोन दिवस कुणाला पुढं सरका म्हणाले नाहीत. गल्लीतल्या एका बारशाला गेले तर डोकी न मोजताच बसले. काकू त्यांच्याशी बोलत नव्हत्या. अक्काचा फोनही त्या बाहेर अंगणात जाऊन घ्यायच्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर दोनदा टकटक झाली.

"मॅडम," काकांचे डोळे चमकत होते, "पूल पूर्ण झालाय ना?"

"कागदावर."

"मग त्याचं लोकार्पण कुठं झालंय?"

आमच्याकडे एक वेळ पुलाशिवाय पूल चालतो, पण फीत कापल्याशिवाय चालत नाही. मुतारी झाली तरी फीत कापतात. आणि ती कापायचा मान कुणाचा, यावरून माणसं जन्मभराचं वैर धरतात. माझ्याकडून काकांनी निमंत्रणपत्रिका लिहून घेतली. अध्यक्षस्थानी नगराध्यक्षा. तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारची, म्हणजे बारा दिवसांवर. सकाळी अकरा वाजता, 'वाहनासह आगमन'. वॉर्डातल्या दोन नगरसेवकांचं एकमेकांशी पटत नव्हतं, त्यांची नावं कशी घालायची ते मी विचारलं. काका म्हणाले, "एकाच ओळीत, एकाच मापात. ते एकमेकाकडं बघत बसतील, आपल्याकडं न्हाई."

पहिली पत्रिका आम्ही नगराध्यक्षांच्या घरी नेली. बाई मोठ्या तालेवार. त्यांनी पत्रिका वाचली, मग काकांनी नम्रपणे पुढं केलेलं कात्रण वाचलं आणि त्यांचा चेहरा बदलला.

"माझ्या गावात पूल झाला आन् मला कुणी सांगितलं बी न्हाई?"

"आम्हाला वाटलं, साहेबांनी आपल्याला विचारूनच सत्कार घेतला असंल," काका खाली बघत म्हणाले.

बाईंनी आमच्यासमोरच साहेबांना फोन लावला. साहेब पलीकडून काय म्हणत होते ते कळलं नाही, कारण बाईंनी त्यांना म्हणूच दिलं नाही. "मी येणार. फीत मी कापणार. आन् माझी गाडी त्या पुलावरून पैल्यांदा जाणार. समजलं का?"

दुपारी साहेब आमच्या पायरीवर येऊन बसले. घामाघूम झाले होते. "काका, निदान तारीख तरी पुढं ढकला हो."

"साहेब, गाडी फलाटाला लागली. पॅसेंजर बसलेत. आता कंडक्टरच्या हातात काय असतं?" आणि भिंतीवर एकदा टकटक केलं. काकूंनी मात्र साहेबांना चहा दिला, वर आणखी अर्धा कप दिला आणि म्हणाल्या, "करा बाबा काही तरी. तुमचं बी नाव राहील."

यादीतून काढलेलं नाव दोन दिवसांत परत यादीत कसं गेलं ते मला माहीत नाही, मी विचारलंही नाही. चौथ्या दिवशी सिमेंटचे मोठाले पाईप आले. मग मुरूम, मग काँक्रीट. काकू सकाळपासून ओट्यावर. मजुरांना चहा त्यांचाच. कठडा बांधायची वेळ आली तेव्हा मिस्त्रीनं विचारलं, किती उंच घ्यायचा. त्या काठी टेकत उठल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाल्याच्या काठापर्यंत चालत गेल्या आणि हात आडवा धरून दाखवला, "इथवर. माझ्या हाताला लागला पाह्यजे." साहेब तिथंच उभे होते. त्यांनी टेप काढून तिथं माप घेतलं. मला साहेबांबद्दल त्या क्षणी एकदम माया वाटली.

लोकार्पण झालं. बाईंची गाडी डुलत डुलत आत आली, दोन्ही नगरसेवक एकमेकांकडे बघत बसले, काकांनी मंडपात पंधरा माणसं जास्तीची बसवून दाखवली. कार्यक्रम संपताना साहेब हळूच म्हणाले, "काका, आज आमचं काही..." म्हणजे शाल वगैरे. काका म्हणाले, "साहेब, तुमचं तिकीट आधीच फाडलंय. एका पॅसेंजरला दोन तिकिटं देता येत न्हाईत." पण पूल मात्र साहेबांनी भक्कम बांधला होता.

त्या दिवशी दुपारी काकूंनी पिशवी भरली. दोन लुगडी, अक्कासाठी करडईचं तेल, गुडघ्याचा पट्टा. काका म्हणाले, येत्या रविवारी जाऊ.

रविवारी मागच्या गल्लीचे लोक आले. त्यांच्याकडे पाण्याचा व्हॉल्व्ह गळत होता आणि एक सत्कार हवा होता. पुढच्या रविवारी उर्दू शाळेच्या भिंतीचं निघालं. मग बाजारातल्या बाया, मग स्टँडवरचे फळवाले. काकांची कीर्ती झाली होती. शेजारच्या गावातूनही लोक सल्ल्याला यायचे आणि काका दाराशी बसून त्यांना शालींची मापं सांगायचे. ऑटो आता थेट दारात येत होते, आणि त्यांतून उतरायची ती काकांना न्यायला आलेली माणसं. पिशवी दाराआड खुंटीवर तशीच. "ह्या रविवारी नक्की," काका म्हणायचे. अक्का फोनवर विचारायची, "पूल झाला म्हणतीस, मग येईनास का?" काकू म्हणायच्या, "हिकडं लई कामं निघालीत अक्का." मी वरून ऐकायचे आणि काकांचा राग यायचा, पण मानपत्रंही मीच लिहीत होते.

पाच महिने गेले असतील. गल्लीनं ठरवलं, काकांचाच सत्कार करायचा. हे सांगायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं खूश होतील. काकांचा चेहरा खर्रकन उतरला.

"माझा? कशाबद्दल? माझ्याकडून काय करायचं राहिलंय?"

"काही नाही हो काका. केलेल्या कामाबद्दल."

"खरं सांगा मॅडम. कुणी तक्रार केली का?"

मी शपथ घेतली, तरी त्यांना पटेना. कार्यक्रमाच्या सकाळपर्यंत ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारत होते, तुमचं काही राहिलंय का. सगळे म्हणाले, काही नाही. काकूंना त्यांनी विचारलं नाही.

गल्लीत मांडव घातला होता. काकांना दाराशेजारी बसू दिलं नाही, मधल्या खुर्चीत बसवलं, त्यामुळे ते फार अवघडले होते. शाल काकूंच्या हस्ते द्यायची असं बायकांनी ठरवलं होतं. काकू काठी टेकत स्टेजवर आल्या. मी त्यांच्यापुढं माईक धरला, दोन शब्द बोला म्हटलं. त्या माईकवर कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी शाल उलगडली, काकांच्या खांद्यावर नीट बसवली, पदरानं कपाळ टिपलं आणि मोठ्यानं, स्पष्ट म्हणाल्या,

"मला बिलोलीला अक्काकडं नेऊन आणल्याबद्दल ह्यांचा सत्कार होत आहे."

आधी कुणाला कळलं नाही. मग मागच्या बायका हसायला लागल्या आणि हसता हसता सगळी गल्ली टाळ्या वाजवायला लागली. काका एकटे हसले नाहीत. त्यांनी शालीच्या दोन्ही टोकांना हात लावून बघितला. मग उठले. सत्कार अर्धवट टाकून, माझ्या हातात मानपत्र तसंच असताना, तिसऱ्या रांगेत बसलेल्या ऑटोवाल्याला म्हणाले, "चल रे, ऊठ. बस साडेबाराची हाय." आत जाऊन पिशवी घेऊन आले. काकूंना हात धरून उतरवलं. मी माईक हातात घेऊन मागोमाग चालत गेले, तार संपेपर्यंत.

ऑटो पुलावर गेला आणि मधोमध थांबला. काकूंनीच थांबवला होता. त्या बाहेर वाकून खाली बघत होत्या, बराच वेळ. पाणी फार नव्हतं, एखादं पोर सहज उडी मारून जाईल एवढा तो नाला.

"अवं," त्या काकांना म्हणाल्या, "एवढासाच व्हता व्हय हा?"

काकांनी काकूंच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली.